रेडिएटर फॅनच्या टेंपरेचर स्विचमधून कूलंट गळतंय, सील नक्की कशाने करायचं?

जुनं_इंजिन_नवा_फॅन

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्याला ताप झालाय म्हणून धागा काढतोय. जुन्या गाडीचा बेल्टवर फिरणारा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवून घेतला. फॅन लावायला-बंद करायला वरचा होज पाइप मधे कापून त्यात ॲल्युमिनियमचा अडॅप्टर टाकलाय, दोन्ही बाजूंना क्लॅम्प, अडॅप्टरला आट्यांचं भोक आणि त्यात दोन पिनचा थर्मोस्विच. स्विचच्या अंगावर ९५-९० असं कोरलंय, म्हणजे ९५ अंशाला फॅन चालू, ९० ला बंद. फॅन वेळेवर लागतो, वेळेवर बंद होतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्विचच्या बुडाशी कायम ओल असते, गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी खाली हिरवट थेंब, आणि स्विचभोवती पांढुरकी पापडी धरते ती खरवडून काढली तरी परत येते.

जिथे काम केलं ते दर वेळी स्विच काढून टेफ्लॉन टेप गुंडाळून देतात, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त टेप आणि पान्यावर आधीपेक्षा जास्त जोर, आणि थोडे दिवस गेले की परत पहिल्यासारखं. आता म्हणतायत सिलिकॉन भरून टाकू म्हणजे एकदाचं मिटेल. मला ते काही पटत नाहीये, कारण उद्या स्विच बदलायचा झाला तर तो निघणार कसा? ज्यांनी हे काम स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगा प्लीज, टेप, पेस्ट, सिलिकॉन, नक्की काय?

सरळसोट

आरटीव्ही सिलिकॉन, म्हणजे ट्यूबमधून येणारं आणि हवेत आपोआप सुकून रबरासारखं होणारं सीलंट, ते लावा आणि मोकळे व्हा. टेप पूर्ण काढा, आटे कोरडे करा, पातळ थर द्या, घट्ट करा, एक दिवस सुकू द्या. वॉटर पंपाला आणि थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला मी तेच लावतो, कधी गळालं नाही.

आटेवाला

थांबा, काहीही लावायच्या आधी बघा की तुमच्या स्विचमधे पाणी अडायला पाहिजे ते कुठे अडायला पाहिजे. हे ठरलं की काय लावायचं ते आपोआप ठरतं आणि हे न ठरवता लोक टेपचे थरावर थर चढवत बसतात.

सेन्सरचे आटे दोन जातीचे येतात. एक निमुळते, म्हणजे टेपर. यात दर १६ मिमी लांबीला व्यास १ मिमीने बदलतो, त्यामुळे फिरवत आत नेलं की आटे एकमेकांत रुतत जातात आणि पाणी आट्यांवरच अडतं. पण धातू कितीही रुतला तरी आट्याच्या शेंड्याला बारीकशी पोकळी राहतेच, ती गोल गोल फिरत बाहेरपर्यंत येते, म्हणून तिथे टेप किंवा पेस्ट लागतेच लागते. दुसरे सरळ आटे, पॅरलल. यांचं काम फक्त सेन्सरला खाली ओढून धरायचं. पाणी अडतं ते डोक्याखाली जो वायसर किंवा ओ-रिंग असते तिथे. सरळ आट्यांवर तुम्ही टेपचं अख्खं रीळ गुंडाळलंत तरी उपयोग नाही, उलट टेपचा गोळा डोक्याखाली येऊन वायसर तिरका बसतो आणि जी जागा खरी सील करणार होती तीच बिघडते.

ओळखायचं कसं? टेपर सेन्सरला षटकोनाखाली सपाट कॉलर सहसा नसते आणि पूर्ण घट्ट झाल्यावरही एक-दोन आटे बाहेर दिसत राहतात. सरळ आट्याचा सेन्सर कॉलरपर्यंत पूर्ण आत जातो आणि कॉलर बसकणीवर, म्हणजे भोकाच्या तोंडाच्या सपाट जागेवर, टेकते. शंका असेल तर व्हर्निअरने पहिल्या आणि शेवटच्या आट्यावर माप घ्या, सारखं आलं तर सरळ.

९५-९० कोरलेला दोन पिनचा मोठा स्विच म्हणजे बहुतेक एम २२ बाय १.५, म्हणजे व्यास २२ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर १.५ मिमी, सरळ आटे. वायसर आहे का खाली? आणि कशाचा आहे?

जुनं_इंजिन_नवा_फॅन

@आटेवाला धन्यवाद, इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. स्विचच्या खोक्यावर एम २२ x १.५ असंच छापलंय. वायसर आहे, तांब्याचा, तोच परत परत वापरलाय कारण दर वेळी काढून परत तोच घालताना मी बघितलंय. आणि हो, टेप वायसरच्या खालून बाहेर आलेली स्पष्ट दिसतेय, पांढऱ्या झालरीसारखी.

आटेवाला

मग निम्मं उत्तर तिथेच आहे. तांब्याचा वायसर एकदा दाबला की कडक होतो, दुसऱ्यांदा तो बसकणीच्या बारीक खाचांमधे शिरत नाही. नवा घालणं उत्तम. नवा मिळेपर्यंत जुना वापरायचाच असेल तर चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या, पाण्यात बुडवला तरी चालतो, तांबं परत मऊ होतं. वरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने काढा, दोन्ही बाजू काचेवर पेपर ठेवून सपाट घासा. ॲल्युमिनियमच्या वायसरला हा प्रकार करू नका, तो सरळ बदलायचा.

आता अडॅप्टरची बसकण बघा, जिथे वायसर टेकतो. असले अडॅप्टर बरेचदा लेथवर घाईत काढलेले असतात, तिथे टूलचे गोल ओरखडे राहतात, कधी रंग किंवा ॲनोडायझिंगचा थर असतो, कधी काठावर बारीक बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धार, असते. नखाने फिरवून बघा, नख अडलं की पाणी तिथून वाट काढणार. गोल गोल ओरखडे एक वेळ चालतात, आतून बाहेर जाणारा एकच आडवा ओरखडा असेल तर मात्र वायसर कितीही नवा घाला, गळणार.

घट्ट किती? या मापाच्या स्विचला साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर, मॅन्युअलमधे आकडा असेल तर तोच खरा. समोर ॲल्युमिनियम आहे, लांब पाना घेऊन अंगावर रेलायचं काम नाही. लहान एम १२ चे सेन्सर असतील तर १५ ते २० पुरतात.

पण एवढ्यावर खात्री धरू नका. स्विचच्या पितळी अंगाचा आणि प्लास्टिकच्या सॉकेटचा जो जोड असतो, जिथे पितळेची कड वळवून दाबलेली असते, तिथूनही गळतं. बाहेरून बघताना सगळं सारखंच ओलं दिसतं.

ओहमची_गणितं

शेवटच्या मुद्द्यावर मला भर घालायचीये कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या वायरिंगमधे हे खूप दिसतं. कनेक्टर काढा आणि आत बघा. पिनांवर हिरवा-निळा गंज किंवा ओलसर चिकटपणा असेल तर कूलंट स्विचच्या आतून येतंय, आट्यांमधून नाही. ते तिथेच थांबत नाही, वायरच्या तारांमधून आवरणाच्या आत केशाकर्षणाने वर चढत जातं आणि मग गळतीपासून कितीतरी लांबच्या कनेक्टरमधे गंज मिळतो आणि कोणाला उलगडा होत नाही. अशा स्विचला बाहेरून काहीही फासू नका, बदलाच.

तपासायची पद्धत सांगते. इंजिन पूर्ण गार. फॅनचा कनेक्टर काढून ठेवा कारण काही गाड्यांत किल्ली बंद असतानाही फॅन लागतो आणि तुमचा हात नेमका तिथेच असतो. स्विचचं बूड ब्रशने घासून, पाण्याने धुऊन अगदी कोरडं करा. मग प्रेशर टेस्टर, तो हातपंप जो रेडिएटरच्या तोंडावर झाकणाच्या जागी बसतो, तो लावून झाकणावर जेवढा आकडा छापलाय तेवढाच दाब द्या, बहुतेक ०.९ ते १.१ बार असतो. त्याच्या वर जाऊ नका. स्विचच्या बुडाभोवती आणि प्लास्टिकच्या जोडाभोवती टिश्यू पेपरचे वेगवेगळे तुकडे गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं बघत बसा. कुठला तुकडा आधी भिजतो ते तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. पंप नसेल तर टाल्कम पावडर भुरभुरून गाडी गरम करून गार होऊ द्या, पावडरीत ओघळाची रेघ उमटते.

गरम असताना गळत नाही आणि गार झाल्यावरच गळतं असं अनेकांना वाटतं. बऱ्याचदा गरम असतानाही झिरपत असतं, फक्त धातू इतका तापलेला असतो की पाणी तिथल्या तिथे वाळतं आणि मागे ती पांढरी पापडी उरते.

सरळसोट

@आटेवाला सरळ आट्यांना वायसरवर सील होतं हे मान्य, पण वायसरच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉनचा पातळ हात दिला तर बारीक ओरखडे भरून निघतात की. बसकण घासत बसण्यापेक्षा सोपं.

आटेवाला

@सरळसोट तुमच्या हातचं काम टिकतं याबद्दल शंका नाही, पण तुम्ही उदाहरण दिलंत ते हाउसिंगचं, तिथे दोन रुंद सपाट पृष्ठभाग असतात आणि सिलिकॉनला थर म्हणून राहायला जागा असते. वायसरखाली जागाच नाही. ओलं सिलिकॉन वायसरला निसटवतं, घट्ट करताना तो एका बाजूला सरकतो आणि जे सिलिकॉन आत दाबलं जातं त्याची शेपटी तुटून कूलंटमधे फिरते. रेडिएटरच्या नळ्या फार अरुंद असतात.

आणि सिलिकॉन वापरायचंच तर कुठलं ते बघून घ्या. ज्या ट्यूबला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, तांबं-पितळ आणि कनेक्टरच्या पिना त्याने गंजतात. न्यूट्रल क्युअरचं, म्हणजे सुकताना असं ॲसिड न सोडणारं, सेन्सरला चालेल असं लिहिलेलं आणि कूलंटला टिकणारं, एवढं तरी पाहिजे. वरून दहा-पंधरा मिनिटांत साय धरली की लोकांना वाटतं झालं, पण पूर्ण पक्कं व्हायला २४ तास धरा आणि तोपर्यंत कूलंटची पातळी स्विचच्या खालीच ठेवा. ओल्या आट्यांवर ते धरतच नाही.

सरळसोट

शेपटीचा मुद्दा पटला. थर्मोस्टॅटमधे अडकलेले तुकडे मीही काढलेत, ते कुठून आले असतील हे आत्ता लक्षात येतंय.

चाक_आणि_वाट

मधेच विचारतो, माझं एका तारेचं सेन्सर आहे, टेपर आटे, काट्याच्या मीटरसाठी. टेप लावल्यापासून गळती थांबली पण मीटर खाली दाखवतंय आधीपेक्षा. टेपचा संबंध असेल का?

ओहमची_गणितं

असू शकतो. एका तारेच्या सेन्सरला परतीचा रस्ता त्याच्या अंगातून, आट्यांमधून इंजिनच्या धातूत जातो. जाड टेप गुंडाळली की तो रस्ता अडखळतो, मधे जादाचा विरोध येतो. तापमानाचा सेन्सर एनटीसी असतो, म्हणजे गरम झाला की त्याचा विरोध कमी होतो, इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जोडलेल्या बऱ्याच सेन्सरना २० अंशाला साधारण अडीच किलोओहम आणि ८० अंशाला तीनेकशे ओहम एवढा फरक. मीटरच्या सेन्सरचे आकडे वेगळे असतात पण चाल तीच. मग वाटेत जादाचा विरोध आला की मीटरला वाटतं इंजिन गार आहे आणि हे धोक्याचं आहे, कारण उकळायला आलं तरी काटा मधेच.

मल्टिमीटरचं एक टोक सेन्सरच्या षटकोनावर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर. जवळपास शून्य ओहम यायला पाहिजे. येत नसेल तर टेप काढून पेस्ट वापरा. दोन तारांच्या सेन्सरला किंवा स्विचला हा त्रास नाही, त्याचा रस्ता दुसऱ्या पिनमधून असतो.

होजमधल्या अडॅप्टरमधे एका तारेचं काही बसवलं असेल तर अजून एक. अडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना रबर, म्हणजे तो धातूचा तुकडा हवेत लटकतोय, त्याला अर्थिंगच नाही. अडॅप्टरला छोटा स्क्रू किंवा क्लॅम्प लावून तिथून चॅसिसला वेगळी वायर द्यावी लागते.

आटेवाला

@चाक_आणि_वाट टेप लावायचीच तर दोन-तीन वेढे पुरेत. आट्याचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा म्हणजे आत फिरवताना टेप सुटत नाही आणि टोकाचा पहिला आटा उघडा ठेवा म्हणजे चिंध्या आत जात नाहीत. पेस्टमधे पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनच, मिसळलेली पाइपच्या आट्यांची पेस्ट घ्या. हवा न मिळता धातूच्या संगतीत घट्ट होणारी ॲनेरोबिक पेस्ट धातूवर झकास काम करते पण प्लास्टिकच्या भोकात ती घट्टच होत नाही आणि काही प्लास्टिकला तडेही पाडते, तेवढं लक्षात ठेवा. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीनेच रंगीत सुकलेलं सीलंट लावलेलं असेल तर त्यावर टेप नको, तसाच बसवा.

आणि सगळ्यात आधी माप जुळतंय का ते बघा. लहान सेन्सरमधे आट्यांची तीन मापं, दोन इंची पाइपच्या आट्यांची (बीएसपी आणि एनपीटी) आणि एक मिलीमीटरचं, एकमेकांत इतकी मिसळतात की हाताला फरकच कळत नाही. १/८ बीएसपी, बाहेरचा व्यास साधारण ९.७ मिमी, इंचाला २८ आटे. १/८ एनपीटी, साधारण १०.३ मिमी, इंचाला २७ आटे. आणि एम १० बाय १. एकातला दुसऱ्यात दोन-अडीच फेरे मजेत जातो, मग जड लागतो, माणूस म्हणतो टेपर आहे, घट्ट होतोय, आणि जोर लावतो. तिथे आटे चिरडले जातात आणि पुढे कितीही टेप लावा. अशा वेळी थ्रेड गेज लावून बघितल्याशिवाय पाना लावूच नका.

डोंगरवाट

माझा प्रकार अजून वेगळा आहे. फॅनच्या किटमधला, फॅन चालू-बंद करणारा कंट्रोलर आहे, त्याला लांब बारीक तांब्याची नळी आणि टोकाला फुगीर बल्ब. तो बल्ब वरच्या होजच्या आत आणि नळी होज आणि रेडिएटरच्या तोंडाच्या मधून बाहेर काढलीये. क्लॅम्प आवळून आवळून होज कापायची वेळ आली, नळीच्या दोन्ही अंगांनी झिरपतंच. याला आटेच नाहीत, करायचं काय?

पाणी_अडवा

हा प्रकार मी पुष्कळ हाताळलाय. अडचण अशी की गोल तोंडावर एक बारीक नळी आडवी ठेवली की होज तिच्यावरून उचलला जातो आणि तिच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी फट राहते. क्लॅम्प कितीही आवळला तरी जाड रबर त्या कोपऱ्यात उतरत नाही. किटबरोबर नळीसाठी खाच असलेला रबरी तुकडा येतो तो त्या फटीसाठीच असतो. तो कडक झाला असेल किंवा काढून फेकला असेल तर गळणारच.

रेडिएटरच्या तोंडावरचा जुना चुना आणि गंज पूर्ण घासून चकचकीत करा. रबरी तुकडा नवा घ्या, नळी त्याच्या खाचेत नीट बसवा. इथे मात्र सरळसोट म्हणतात ते सिलिकॉन योग्य जागी आहे, कारण भरायला खरोखर फट आहे. न्यूट्रल क्युअरचं सिलिकॉन नळीच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यात भरा, होज चढवा, क्लॅम्प आधी बेताचा आवळा, दुसऱ्या दिवशी पूर्ण. क्लॅम्पचा स्क्रू जिथे असतो तिथे पट्टी सपाट पडते आणि दाब सारखा नसतो, म्हणून नळी स्क्रूच्या बरोबर विरुद्ध बाजूला घ्या. आणि ती नळी कुठेही मुडपू देऊ नका, आत सीलबंद द्रव किंवा वायू असतो, नळी चिंबली की कंट्रोलर कायमचा गेला.

हे नीट केलं तर टिकतं. तरी होज पुढे कधी बदलाल तेव्हा ती पद्धतच सोडा आणि आट्यांचा अडॅप्टर टाकून स्विच आणि रिले, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, लावा. फॅन चांगला दहा-वीस अँपिअर खेचतो, तो करंट छोट्या स्विचमधून थेट नेऊ नका. अडॅप्टर घेताना होजचा आतला व्यास मोजा, ३२, ३४, ३६, ३८ असे जवळजवळचे आकार येतात आणि दोन मिलीमीटरचा फरक क्लॅम्प भरून काढत नाही.

जुनं_इंजिन_नवा_फॅन

रिपोर्ट देतो. प्रेशर टेस्टर एका मित्राकडून आणला. झाकणावर ०.९ होतं तेवढाच दाब दिला. टिश्यू गुंडाळून बसलो. पहिली काही मिनिटं काहीच नाही, मग वरचा टिश्यू, म्हणजे प्लास्टिकच्या जोडाचा, एका ठिपक्यावर हिरवा व्हायला लागला. भिंग घेऊन बघितलं तर पितळेची वळवलेली कड एका बाजूला चपटी झालीये आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढा थेंब तयार होतो, मोठा होतो, षटकोनावरून ओघळून बरोबर वायसरपाशी जाऊन साठतो. म्हणजे बघणाऱ्याला वाटणार वायसरमधून आलं. कनेक्टरमधे एका पिनेवर हिरवा गंज आहे. खालचा टिश्यू नंतर ओला झाला, पण तो वरून ओघळून की वायसरमधून ते सांगता येत नाही.

आटेवाला

फार व्यवस्थित शोधलंत. कड एका बाजूला चपटी म्हणजे षटकोनाऐवजी वरच्या गोल भागावर पाइप पाना पडलाय किंवा पाना घसरलाय. पुढच्या वेळी खोल सॉकेट वापरा, सहा कोनांचं, आणि ते षटकोनावर पूर्ण खाली उतरवूनच जोर द्या.

आता स्विच नवा, वायसर नवा, आणि स्विच बाहेर आहे तोवर बसकण बघूनच घ्या.

ओहमची_गणितं

झाकणाची पण परीक्षा घ्या एकदा, त्याच पंपाला अडॅप्टर लावून होते. झाकणाचा व्हॉल्व अडकला असेल तर दाब छापलेल्या आकड्याच्या वर जातो आणि जिथे कच्चा जोड तिथून पाणी निघतं, मग आज स्विच, उद्या हीटरचा पाइप. झाकण चांगलं असूनही गार इंजिन चालू केल्या केल्या होज दगडासारखा कडक होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, तपासून घ्या, सिलिंडरचा वायू कूलंटमधे शिरत असतो.

गळती बारीक आहे म्हणून सोडून देऊ नका हेही सांगते. निम्मं पाणी निम्मं एथिलीन ग्लायकॉल असलेलं कूलंट उघड्यावर १०७-१०८ अंशाला उकळतं, १ बार दाबाखाली १२८-१३० च्या आसपास. दाब टिकला नाही की ही वीसेक अंशांची मोकळीक जाते आणि स्विच तर ९५ ला फॅन लावतो, म्हणजे चढावर, ट्रॅफिकमधे हातात फारसं काही उरत नाही.

नवशिका_चालक

एवढा खटाटोप करण्यापेक्षा कूलंटमधे टाकायची गळती-बंद पावडर किंवा ते द्रव येतं ते टाकलं तर?

पाणी_अडवा

रस्त्यात अडकलात आणि घरी पोचायचंय एवढ्यापुरतं एक वेळ समजू शकतो. एरवी नको. ते गळतीच्या जागी जमतं तसं हीटरच्या कोअरमधे आणि रेडिएटरच्या नळ्यांमधेही जमतं, सेन्सरच्या टोकावर थर धरतं आणि मग सेन्सर उशिरा तापतो. स्विच बाहेरून हाताला येतो, बदलायला अर्धा तास, त्यासाठी अख्ख्या सिस्टिममधे गाळ कशाला ओतायचा?

जुनं_इंजिन_नवा_फॅन

काम झालं. नवा स्विच, ९५-९० चाच, नवा तांब्याचा वायसर, टेप नाही, सिलिकॉन नाही. बसकणीवर रंगाचा थर होताच आणि एका ठिकाणी पान्याचा ओरखडा, आतून बाहेर जाणारा. अडॅप्टर होजमधून काढून जाड काचेवर बारीक ओला पेपर ठेवून आठच्या आकड्यात फिरवत घासला, ओरखडा दिसेनासा होईपर्यंत. आट्यांमधली जुनी टेप दाभणाने काढली, चिंध्या खूप निघाल्या. मग टॉर्क रेंचवर ३० लावून बसवला. टेस्टरवर काटा जागचा हलला नाही आणि दोन्ही टिश्यू कोरडे. सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः आटेवाला आणि ओहमची_गणितं.

एक शंका उरली, फॅन आधीपेक्षा उशिरा लागतोय असं वाटतंय. स्विच तर तोच नंबरचा आहे.

ओहमची_गणितं

हवा अडकली असेल. अडॅप्टर वरच्या होजमधे आहे आणि तुम्ही तो पूर्ण काढला होतात, तिथे हवेचा बुडबुडा राहिला की स्विचचं टोक पाण्यात नसून हवेत असतं आणि त्याला तापमान उशिरा कळतं. गाडीचं तोंड चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गार इंजिनवर झाकण उघडं ठेवून चालू करा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे येऊ द्या आणि कूलंट भरत राहा, पातळी वर चढायला लागली की झाकण लावा. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत. अडॅप्टर फिरवून स्विच खालच्या किंवा आडव्या बाजूला घेता आला तर हवा त्याच्यापाशी साठणारच नाही. आणि गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नका.

सांडलेलं कूलंट धुऊन काढा. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेततं.

जुनं_इंजिन_नवा_फॅन

हवाच होती. स्विच आडवा केला, बुडबुडे बरेच आले, आता फॅन वेळेवर लागतोय.

नवशिका_चालक

माझ्या गाडीत आटेच नाहीत, प्लास्टिकच्या हाउसिंगमधे सेन्सर नुसता खोचलाय आणि यू आकाराच्या क्लिपने धरलाय. तिथे ओल आहे. वरचे नियम इथे लागू होतात का? आणि कनेक्टर काढला तर फॅन एकदम फुल स्पीडला लागला, काही बिघडलं का?

आटेवाला

फॅन लागला ते बरोबर आहे. सर्किट उघडं दिसलं की इसीयूला तापमान उणे ४० वगैरे दिसतं, ते त्याला खरं वाटत नाही, मग तो इंजिन वाचवायला फॅन लावून ठेवतो, बऱ्याच गाड्यांत असंच असतं. पी०११८ हा बिघाडाचा कोड इसीयूत साठवला जाईल, तो पुसून टाका.

तुमच्याकडे सील म्हणजे फक्त ती ओ-रिंग. टेप, पेस्ट, सिलिकॉन काही नको. काढून बघा, ओ-रिंगचा छेद गोल न राहता चपटा झाला असेल किंवा वाकवल्यावर भेगा दिसत असतील तर बदला. नवी घेताना ईपीडीएम रबराची घ्या, गरम कूलंटला ती टिकते, साधी नायट्रिल लवकर कडक होते. बसवताना थोडं कूलंटच लावा किंवा सिलिकॉन ग्रीस. बेअरिंगचं ग्रीस किंवा इंजिन ऑइल अजिबात नको, ईपीडीएम खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. ज्या भोकात ती बसते तिथली पापडी कापडाने पुसून काढा, टोकदार काही घालून प्लास्टिकला ओरखडे पाडू नका. सेन्सर सरळ दाबायचा, क्लिप दोन्ही पायांनी खाचेत पूर्ण गेली पाहिजे, आणि मग सेन्सर हाताने मागे ओढून बघा, जागचा हलता कामा नये.